रुबीनाच्या फॉर्मवरचा एक रकाना

मंगळ., २ सप्टें. ॲडम्सटाउन.
दुपारी भाची रुबीनाचा वॉटरफोर्डहून फोन. घर घ्यायचंय म्हणून दोघं नवराबायको वकीलबाईंकडे गेली होती. बाईंनी लग्नाचा दाखला मागितला. तो कुठला असायला! निकाह मीच पढवला, दीड वर्षापूर्वी, इथंच, पुढच्या खोलीत. मशिदीत गेलो असतो तर इमामसाहेबांनी सरकारी कागद विचारला असता. पण निकाहाचा खुतबा मला तोंडपाठ, म्हटलं घरीच उरकू. माझी हौस.
बाई म्हणाल्या, इथल्या कायद्यानं तुमचं लग्न झालेलंच नाही. उद्या जावयाला, साजिदला, काही झालं तर रुबीना त्याची कुणीच नाही. पोरीला पाचवा महिना लागलाय.
चहा तसाच निवून गेला.

गुरु., ४ सप्टें.
मुलानं, इम्राननं, चौकशी केली. सरकारी लग्नासाठी आधी दोघांनी कचेरीत नोटीस द्यायची, तीन महिने थांबायचं, मग सह्या. साजिद लगेच तयार. गुणी पोरगा. बाळाच्या आधी होऊन जाईल. जीव भांड्यात पडला.

मंगळ., ९ सप्टें.
अडलं. साजिदनं नोटिशीचा फॉर्म भरला, रुबीनानं नाही. नावापुढे ‘सिंगल’, म्हणजे अविवाहित, असं लिहायचं होतं. कचेरीतली बाई मायेनं म्हणाली म्हणे, यू आर ग्रँड, लव्ह, म्हणजे काही हरकत नाही गं, घाई नाही. पुढच्या मंगळवारची वेळ दिली.
फोनवर समजावलं, अगं, ती सरकारी भाषा आहे. तर म्हणते, “मामू, हे पोट घेऊन मी कुवार लिहू? मग तुम्ही मला तीनदा विचारलंत ते काय होतं?”

शनि., १३ सप्टें.
सूनबाईंनी चांगलं सुनावलं. अब्बा, गाठ तुम्ही मारलीत, आता तुम्हीच बघा. खरंय. आठवडा जातोय म्हणजे तारीख तेवढी पुढे जातेय.
दीड वर्षापूर्वीची वही काढली. त्या दिवशीचं सापडलं: ‘असरच्या नमाजानंतर रुबीनाचा निकाह पढवला. तिन्ही वेळा कबूल स्पष्ट म्हणाली. आवाज माझाच बसला.’ खाली साक्षीदारांची नावं. फोनवर वाचून दाखवलं, मंगळवारी येतो म्हटलं. रुबीना म्हणाली, “येताना ती वही आणा.”

मंगळ., १६ सप्टें. वॉटरफोर्ड.
इम्रानबरोबर आलो. रुबीनानं सलाम केला आणि आधी वहीच मागितली. पान शोधून कोपरा दुमडला. म्हणाली, फॉर्मशेजारी ही उघडी ठेवणार, मग काय लिहायचं ते बघते. साजिदनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.
दोघं आत गेलीत. मी बाहेर बाकावर. इम्रान कॉफी आणायला गेलाय. दाराला काच आहे पण आरपार दिसत नाही, तिची पिवळी ओढणी तेवढी कळते. खाली वाकलीय. लिहितेय की वाचतेय, इथून काही सांगता येत नाही.