घटस्थापनेला सुरू कर

२ सप्टेंबर
पुन्हा वाशी! जाऊन-येऊन तीन तास, मशीनवर चार. रिक्षातून उतरवताना ह्यांचे पाय लटपटत होते. आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला डॉ. अविनाशचं नवं डायलिसिस सेंटर कुलूप लावून बसलंय — मार्चपासून! "काकू, पाण्याचा रिपोर्ट आला, फायरचा दाखला आला. परवानगीची एक सही राहिलीय." एक सही! त्या साहेबाला एकदा ह्यांच्या शेजारी बसवा म्हणावं रिक्षात.

६ सप्टेंबर
विसर्जन. दुपारनंतर रस्ते बंद. रिक्षावाला काशिराम नेऱ्याहून पहाटेच आला. "काकी, घाबरू नका, आमी हाय ना." देव भलं करो त्याचं.

१२ सप्टेंबर
हे आज रडले. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. "आशा, बंद करूया हे. नको मला आता." मी ओरडलेच अंगावर. मग मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. अर्धा कप पाणी मागत होते, तेही दिलं नाही. डॉक्टरांनी मोजून दिलेलं सकाळीच संपलं होतं. काय बाई आहे मी!

१५ सप्टेंबर
सुटलो! नियम सैल झाला! छोट्या सेंटरला आता सहीची वाट बघायला नको — कागद भरून द्यायचे, सुरू करायचं, तपासणी नंतर. अविनाश धावतच सांगायला आला. "उद्यापासून, काकू! पहिले पेशंट काका!"

उद्या? अरे, पितृपक्ष चाललाय! नवी जागा, नवं मशीन, आणि पहिली सुई पक्षात टोचायची? म्हटलं, सोमवारी घटस्थापना आहे, नारळ फोडून तेव्हाच सुरू कर.

"अगं, माझं रक्त काय पंचांग बघतं का?" — हे.

अविनाशची आई माझ्याच बाजूची निघाली. मग अविनाशनेही ऐकलं. सहा महिने काढले, आठवड्याने काय होतंय!

१८ सप्टेंबर
कळंबोलीला टँकर उलटला. अडीच तास एकाच जागी. वाशीला पोचलो तर ह्यांचा नंबर दुसऱ्याला दिलेला. "शनिवारीच या आता."

परत येताना काशिराम विचारतो, "काकी, तुमच्या गल्लीतला दवाखाना कवा चालू व्हायचा?" मी म्हटलं, सोमवारी.

१९ सप्टेंबर
पाय सुजलेत. आडवं केलं की दम लागतो. उशांना टेकवून बसवलंय.

सकाळीच अविनाशच्या दारात गेले. चालू कर रे, आत्ता! नारळ नको, काही नको, पाया पडते तुझ्या! तो तसाच धावला. पाण्याचं यंत्र धुऊन तयार व्हायलाच चार तास लागतात म्हणे. चार तास. बारा वाजतील. बोलावणं आलं की निघायचं.

२४ सप्टेंबर
त्या दिवशी बोलावणं आलं, तेव्हा हे गेलेले होते. आता माणसं भेटायला येतात. "सरकारी परवानगीने जीव घेतला हो प्रभाकररावांचा!" मी मान डोलावते. अविनाश कोपऱ्यात बसलेला असतो. तोही डोलावतो.