गाडीतून उतरू नये

३ मे
आजपासून मी सफारी कंपनीचा पत्रलेखक. ज्या वर्तमानपत्राला मी वर्षानुवर्षं बातम्या पुरवल्या ते बंद पडलं. आता संस्कृतच्या पदवीधराला वाली कोण? मालकांचा घेर पाहून त्यांना मनातल्या मनात ‘वनराज’ ही पदवी बहाल केली. काम सोपं आहे. आफ्रिकेतल्या अभयारण्याच्या सहली आखायच्या, गिऱ्हाइकांच्या शंका फेडायच्या. पुढच्या खोलीत टेबलं आणि अभयारण्याचा नकाशा, मागे भलीमोठी शेड. शिवाय मला सपत्नीक सफर फुकट! घरी सांगितलं तर ही म्हणते, सिंह बघायला एवढ्या लांब कशाला, घरातला रोज सकाळी चहासाठी डरकाळ्या फोडतोच आहे की. मी नेहमीप्रमाणे शरण गेलो.

६ मे
शंकासमाधान. एका गृहस्थांनी विचारलं, सिंह शाकाहारी माणसाला ओळखतो का. ‘ओळखतो आणि पसंतही करतो’ असं लिहिलं, मग खोडून सभ्य उत्तर धाडलं. बाकी सल्ले ठरलेले. कोरड्या ऋतूत जावं, तेव्हा गवत बसलेलं असतं आणि जनावरं पाणवठ्यावर जमतात. निळे-काळे कपडे नकोत, चावऱ्या माश्या त्यांच्यावरच धावतात. लहान विमानात कडक पेट्या घेत नाहीत, मऊ पिशव्या आणाव्यात. आणि वनराजांचा हुकूम: निघण्याआधी आमच्या शेडमध्ये सराव केल्याशिवाय कुणालाही पाठवायचं नाही.

९ मे
आज सराव दारातूनच पाहिला. शेडमध्ये उघडी जीप, भोवती पुरुषभर उंच वाळकं गवत. छपराखाली एवढं कसं माजलं, देव जाणे. ड्रायव्हरला मी ‘सारथी’ म्हणतो, कारण तो गाडी कमी हाकतो आणि उपदेश जास्त करतो. उपदेश एकच: इंजिन सुरू होईपर्यंत उतरायचं नाही. जनावराच्या लेखी गाडी आणि आतली माणसं मिळून एकच मोठा प्राणी असतो. त्यातून जो सुटला तो घास. मंडळी आपापल्या जागी बसून राहिली. मग इंजिन सुरू झालं आणि सगळे हसत उतरले.
गवत मात्र सारखं हलत होतं. पंखा शोधला. नव्हता.

१४ मे
नीट लिहायला हवं. ते शाकाहारी गृहस्थ आज पत्नीला घेऊन आले. बाई बोलक्या. मला म्हणाल्या, तुमच्या अक्षरावरून वाटलं होतं, माणूस देखणा असेल. जीपमध्ये बसून त्यांचे गुडघे आखडले. नवरा नको नको म्हणत असताना, मेलं ते जंगल राहिलं बाजूला, असं पुटपुटत त्या खाली उतरल्या. दोन पावलं टाकली आणि त्यांच्यावर गवत मिटलं.
आवाज नाही. रक्त नाही.
मी ओरडलो. जीपमधल्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच नियम मोडला होता. इंजिन सुरू झालं. गृहस्थ उतरले आणि म्हणाले, मजा आली. बाई कुठे आहेत, असं विचारलं, तर म्हणाले, कोण बाई? अहो, माझं लग्नच झालेलं नाही.

१५ मे
त्यांना फोन केला. दाराशी बायकी चपला आहेत म्हणे, शेजारीण विसरली असावी. चौकीवर गेलो. हवालदाराने विचारलं, नवऱ्याची तक्रार नाही, मग ती तुमची कोण? मी परत फिरलो.
गाडीतले प्रवासी सगळे विसरले. मी बाहेर होतो, म्हणून मला आठवतं.
हिला सांगितलं. ही म्हणाली, बायकोला विसरणारे नवरे काय थोडे आहेत, त्याला गवत कशाला लागतं? पण माझा चेहरा पाहिला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. उद्या राजीनामा.

१६ मे
दिला. वनराज गोड हसले. म्हणाले, तिकडे आपल्या एकाही प्रवाशाला आजवर ओरखडा आलेला नाही. का? जंगलाचं जे देणं, ते आपण इथेच चुकतं करतो. मग म्हणाले, वहिनींना बोलावून घेतलंय. सपत्नीक ठरलं होतं ना?
मागून हिचं हसणं ऐकू आलं.

शेडमध्ये
ही जीपमध्ये बसलेली. मी येतोच आहे असं सांगून वनराजांनी बसवली होती. उतर म्हणता येईना. मग मीच आत उडी मारली. शेडचं दार कुणीतरी बाहेरून लावलं. सारथी पुढे. किल्ली त्याच्या मुठीत. म्हणतो, साहेब, आज कुणीतरी उतरल्याशिवाय इंजिन सुरू करायचा हुकूम नाही. माझ्याकडे बघत नाही.
गवत जवळ आलंय.

मी उतरणार. हिला काही आठवणार नाही, म्हणजे दुःखही नाही. हिशेब सरळ —
ही खांद्यावरून वाचते आहे. भडकली. म्हणते, मोठे आलात शहाणे, तुम्हाला विसरून मी काय करू? माझा हात घट्ट —

एक राहिलंच. या वहीत हिचं नाव एकदाही लिहिलं नाही. सवयच नाही. सगळीकडे नुसतं ‘ही’. आता तरी लिहितो, म्हणजे काही झालं तरी — थांब, हात सोडू नकोस — हिचं नाव —

इंजिन सुरू आहे. मी आणि सारथी. तो रडतो आहे, का कोण जाणे. डाव्या मनगटावर बोटांचे वळ.
मागची पानं चाळली. अक्षर माझंच. कुणी एक बाई आहे, चहावरून टोमणे मारते. हजरजबाबी दिसते. अशा बाईला एकदा भेटायला आवडलं असतं.