लंडनचं बक्षीस

औरंगाबाद,
४ ऑगस्ट २००८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. आधी खुर्चीत बस. मला लंडनच्या लॉटरीत पाच कोटी लागले!

मोबाइलवर संदेश आला. दिलेल्या नंबरावर फोन केला, तर तिथले साहेब इतक्या अदबीनं बोलले, की जन्मभर शाळेत शिकवून मला कुणी इतक्या वेळा ‘मॅडम’ म्हटलं नसेल. पहिला हप्ता म्हणून ऐंशी हजार खात्यात जमासुद्धा झाले. त्यांच्या सांगण्यावरून त्यातले पाच हजार ठेवून बाकीचे मी कस्टमच्या अधिकाऱ्याच्या खात्यात भरले. आता उरलेली रक्कम सुटेल.

दमूला व्यवहार कळत नाही म्हणायचास ना? आता बोल! वहिनीला नमस्कार. श्रीमंत झाले तरी धाकटीच आहे, तेव्हा माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी,
दमयंती

नाशिक,
७ ऑगस्ट २००८

चि. दमूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वहिनी सारखा फोन लावते आहे, तुझा मोबाइल बंद येतो. म्हणून हे स्पीड पोस्टनं.

अगं, तिकीट काढलंस कधी? न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागतं का? आपल्याकडे लॉटरी काढायचा हक्क राज्य सरकारांना आहे. सोडत ठरल्या दिवशी चारचौघांसमोर होते, नंबर पेपरात येतात, तिकीट दाखवावं लागतं. कर बक्षिसातूनच कापतात. आधी भरा मग देऊ, असं खरी लॉटरी म्हणत नाही. परदेशी लॉटरीसाठी इथून पैसे पाठवायला तर कायद्यानंच मनाई आहे. बँकेत असताना असे किती जण मी काउंटरवरून परत पाठवले. तेव्हा मला शिव्या द्यायचे.

पण माझी खरी धास्ती वेगळीच आहे. हे लोक पैसे घेतात, देत नाहीत. तुला दिले, ते मग कुणाचे? दुसऱ्या कुणाला फसवून तुझ्या खात्यात भरायला लावले आणि तुझ्याच हातून पुढं नेले. ताबडतोब बँकेत जा, तिथून पोलिसांत. रागावलो आहे, पण तुझ्यावर नाही, एवढं मनात धरून चाल.

तुझा,
श्रीधरदादा

देवगाव रंगारी,
१३ ऑगस्ट २००८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हाती पडायच्या आतच पोलीस दारात आले. गल्ली बघत होती. मी पायात चपला न घालताच निघाले, ते ठाण्यात फरशी गार लागली तेव्हा कळलं.

तिथं बाकावर इथल्या, म्हणजे देवगावच्या, मनकर्णाबाई बसल्या होत्या. एकट्या, दूध विकून राहणाऱ्या. त्यांनाही तसाच फोन, तोच साहेब. बक्षिसाचा कर म्हणून दोन म्हशी विकून त्यांनी पैसे भरले होते, ते माझ्या खात्यात. बक्षीस येईना म्हणून त्या पोलिसांत विचारायला गेल्या आणि खात्यावरून पोलीस माझ्यापर्यंत पोचले. मला बघून त्यांनी विचारलं, की लंडनच्या हपिसातल्या बाई त्या तुमीच व्हय?

मी पैसे पुढं भरले ते खातं रिकामं निघालं, साहेबांचा फोन बंद. मी फसले हे फौजदारांना पटलं, तरी चौकशीला यावंच लागेल. मी गाठलेले वकील पैसे देऊ नका म्हणत होते, तरी मुदतठेव मोडली आणि ऐंशी हजार ठाण्यातच मनकर्णाबाईंच्या हाती दिले.

मग त्यांना बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून वाकून त्या हळूच म्हणाल्या, लई उपकार झाले, पण कर माघारी आला म्हंजे माझं बक्षीस आता रद्द व्हईल का? तुमची त्या सायबाशी वळख हाय, तर हेच पैसं फिरून भरता येतील का?

मी तशीच बसमध्ये चढले. वाटेत परोपरीनं सांगितलं. त्या मान हलवत होत्या, पण पिशवी पोटाशी घट्ट धरून होत्या. आता त्यांच्याच ओट्यावर बसून लिहिते आहे. म्हशी ज्यानं घेतल्या त्या पुंजारामकडे जाऊन आले. एक त्याच किमतीला परत द्यायला तयार आहे, दुसरीसाठी सकाळी पुन्हा जाईन. दोन्ही दावणीला बांधल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

ओरड हवं तेवढं, फक्त परकी करू नकोस.

तुझी,
दमू