ना हाव, ना न्हाई

नांदेड, २ जुलै

चि. सौ. महामायास, ताईचे आशीर्वाद अन् जय भीम. वि. वि.

फोनवर तू रडतीस अन् मी ओरडते, म्हणून लिहून राहिले. आईला छातीचा कॅन्सर झाला, मग मला झाला, म्हणून डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला लावली होती ना, तिचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, एक बदल सापडलाय, पण तो वाईट का साधा, हे आज कुणालाच सांगता येत नाही. तुझ्या दाजींनी वाटेत पेढे घेतले, काही निघालं नाही म्हणे! मी रिक्षात रडत बसले, मला सापडलाय एवढंच ऐकू आलं. घरापर्यंत भांडलो. पेढ्यांना मुंग्या लागल्या.

तू पण आईचीच लेक, म्हणून जीव थाऱ्यावर नाही बघ. अश्वजितला पापा.

तुझी काळजीखोर,
रेणुकाताई

लातूर, ६ जुलै

ती. ताईस, सविनय जय भीम. वि. वि.

चिठ्ठी वाचली. सापडलं म्हणजे सापडलंच की गं! असला कॅन्सर पोटातबी होतो म्हणतात. मी ठरवून टाकलं, येत्या सोमवारी पिशवी काढून घेते, अंडाशयासकट. आमच्या गल्लीत निम्म्या बायांनी काढली, कुणाला काही झालं नाही. अश्वजितच्या पाठीवर एक लेकरू मला लई पाहिजे होतं, तुला माहीत आहे. पण आईला जसं बघितलं आपण, तसं माझ्या लेकराला बघू द्यायचं नाही. पाळणा शेजारच्या हाजराबीला देऊन टाकला, तिची सून पोटुशी आहे. देताना रडले.

रागावलीस तरी माया कमी करू नको.

तुझी महामाया

नांदेड, ९ जुलै

चि. सौ. महामायास, आशीर्वाद मागाहून, आधी बोलणी खा.

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? रिपोर्ट माझा, बदल माझ्या रक्तातला, अन् सुरी तुझ्या पोटावर! फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी लातूरच्या बसचे कंडक्टर सटवाजीभाऊ घरी आणून देतील.

तडक सबिहा मॅडमकडे गेले. अशा तपासण्या समजावून सांगणं हेच त्यांचं काम. त्या म्हणाल्या, ह्या रिपोर्टवरून कुणाचं काहीही कापायचं नाही. असले बदल पुष्कळदा पुढं साधेच निघतात. अन् पेढेही वाटायचे नाहीत, असं दाजींना सुनावलं. आईला अन् मला, दोघींना झालंय, म्हणून तुझी तपासणी मात्र दरसाल व्हायलाच पाहिजे, रिपोर्ट काही म्हणो. मग कळणार कधी, असं मी विचारलं. ठाऊक नाही म्हणाल्या. रागच आला मला, पण बाई खोटं बोलली नाही.

सोमवारी जाऊ नको गं. तुला माझ्या गळ्याची आण.

भेदरलेली तुझी ताई

लातूर, १४ जुलै

ती. ताईस, जय भीम. वि. वि.

नाही गेले. दवाखान्यातून फोनवर फोन आले, येत नाही म्हणून सांगितलं. खरं सांगू? काढून टाकलं असतं तर भीती तरी गेली असती, असं अजून वाटतं. मला हाव का न्हाई, एवढं एकच उत्तर पाहिजे होतं, अन् तेच कुणी देईना. आंघोळ करताना हात आपोआप छातीकडे जातो. तपासणीला नांदेडला येते, तू संग चल, एकटीनं नाही जमणार. दाजींना म्हणावं, पेढे आणून ठेवू नका.

काल पाळणा परत मागायला हाजराबीकडे गेले. दारात उभी राहून सुनेची तब्येतच विचारत बसले. तिनं ओळखलं. पाळणा धुऊनपुसून ठेवला होता, तोच बाहेर आणला अन् म्हणाली, सुनेला तिच्या माहेरचा येणार आहे, हा तुझा तू घेऊन जा.

भीती आहे तिथंच आहे ताई. पण पाळणा घरी आणलाय.

अशीच रागावत राहा, तेवढाच आधार आहे.

तुझी धाकटी,
महामाया