गुंटूरवरचा मिरचीचा डाग

बाई, तुमचा तो जगाचा कापडी नकाशा माझ्याकडे आहे आणि गुंटूरवरचा मिरचीचा डाग अजून गेलेला नाही. शाळा सुटली त्या वर्षी ‘तूच घाण केलीस, तूच सांभाळ’ म्हणत तुम्ही तो माझ्या हातात कोंबलात. भेट द्यायची ही तुमची रीत. हल्ली मी पेपरात लोकांना चिमटे काढणारं सदर लिहिते, पण तुमच्यासारखा नेमका चिमटा अजून जमत नाही.

तेलुगू मुलखात, नारायणगुड्यातली आपली मराठी शाळा, भूगोलाचा तास, नकाशा जमिनीवर अंथरलेला. बेगम बाजारातून आणलेल्या पुड्या तुम्ही वाटताय. प्रत्येकीने आपला जिन्नस त्याच्या मूळ मुलखावर ठेवायचा. मी ऐटीत कुटलेली मिरची गुंटूरवर ओतते, आणि तिथे लाल डाग पडतो. शेजारची शेंगदाणे महबूबनगरवर ओतते, कारण तिची आत्या तिथे राहते. तुम्ही हसत खाली बसता, दोन्ही उचलून समुद्रापार अमेरिकेत नेता, आणि मिरचीची पूड उडून सगळा वर्ग एका सुरात शिंकतो. ‘गोऱ्यांची गलबतं पोचायच्या कितीतरी आधी तिथली माणसं हे पिकवत होती,’ तुम्ही नाक पुसत सांगता. मग ती मागे का पडली? मीच विचारलं आणि मीच उत्तर दिलं: उष्ण मुलखातल्या काळ्यासावळ्या लोकांना कामाचा कंटाळा असतो. एका जुन्या गाइडात तसं छापलं होतं, आणि मला पाठ होतं.

तुम्ही रागावला नाहीत, तेच वाईट झालं. ‘तुझे बाबा काय करतात गं?’ रेल्वेच्या वर्कशॉपात, भट्टीवर. ‘मे महिन्यातही?’ हो. ‘आणि रंगाने?’ माझ्यासारखेच, मी म्हटलं, आणि वर्ग खिदळला. ‘मग आज जेवताना त्यांना हे वाक्य वाचून दाखव.’ दाखवलं. बाबांनी घास थांबवला नाही. म्हणाले, ‘त्या पुस्तकाला उद्या डबा देऊन माझ्याबरोबर पाठव.’ आई इतकी हसली की आमटी उतू गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलं: कुणाच्या वाट्याला नांगराला बैल आले, कुणाच्या आले नाहीत, कुणाचं बियाणं दूरवर रुजलं, कुणाचं वाळवंटाशी अडलं. खेळातले पत्ते जमिनीने वाटले. ‘पण लबाडी माणसांनी केली हं, ती नकाशावर ढकलायची नाही. लुटून झालं, माणसं बांधून नेली, आणि मग कारण म्हणून कातडीकडे बोट दाखवलं.’

अलीकडेच तारनाक्याला माझ्या घराची वरची खोली रिकामी होती. ब्रोकरचा फोन आला: ‘मॅडम, लड़का एकदम शरीफ है, खेती की पढ़ाई करता. पन अफ्रिका का है. बाद में मेरेकू नक्को बोलना.’ आणि बाई, वर्णद्वेषावर वर्षाला दोन तरी जळजळीत लेख पाडणारी मी म्हणाले, ‘खोली भर गयी.’ त्याच संध्याकाळी कपाट आवरताना नकाशा हाताला लागला. उलगडला, तर डागावर बोट ठेवून तुम्ही माझ्याकडे पाहताय असंच वाटलं. सकाळी मीच फोन लावला. ‘कल तो भर गयी बोले ना?’ ‘हौ. आज खाली हो गयी.’ तो फोनवर बराच वेळ हसला.

तो घानाचा मुलगा आता वर राहतो. रविवारी माझ्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कालवण रटरटतं, आणि तो त्यात माझी गुंटूरची मिरची मूठभर घालतो, तर धारा लागतात माझ्याच डोळ्यांना. त्याला नकाशा दाखवला. इथे येऊन शिकलेल्या हिंदीत तो हसून म्हणाला, ‘आंटी, हमारे गाँव में भी सब बोलते, मूँगफली हमारी है.’ मग आम्ही दोघांनी मिळून एक दाणा अमेरिकेत नेऊन ठेवला.

ही गोष्ट मी माझ्या सदरात लिहिली. वाचकांनी खूप कौतुक केलं. त्यात मी लिहिलंय की ब्रोकरला ऐकताक्षणी हो म्हटलं. मधला तो एक दिवस मी गाळला, आणि त्या मुलालाही सांगितलेला नाही. हा कागद नकाशाच्या घडीत ठेवते, तुमचा पत्ता आता तोच. तो दिवस फक्त तुम्हाला कळू दे. आता स्वयंपाकघरातून त्याची हाक येतेय, ‘आंटी, खाना!’ जेवताना त्याला ‘खोली भर गयी’ हे माझं वाक्य वाचून दाखवावं लागणार, नाही का बाई?