एकतिसावी चिठ्ठी

मी, वर्ना एलिझाबेथ पेल्की, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा भयकथा लिहिणे, राहणार मिल रोड, कॉर्बेट मिल्स, राज्य व्हरमाँट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी फुप्फुसे निकामी होत आली आहेत, डोके नाही. माझ्यावर कुणी दडपण आणलेले नाही. तशी हिंमत गावात फक्त मर्टल हॅस्किन्सची आहे आणि तिला मी फाटकाच्या आत घेत नाही. १९९६ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते. हेही रागातच आहे, पण हा राग मुरलेला आहे.

डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितले की जिना चढू नका, रोज लिहू नका आणि येता ऑक्टोबर धरून चालू नका. तिन्ही सूचना मी शांतपणे ऐकून घेतल्या. आज ऑक्टोबरची एकतीस तारीख आहे, मी माडीवर बसले आहे आणि महिन्याभरात एकतीस गोष्टी लिहून झाल्या आहेत.

१. राहते घर, मागची कोठी आणि सफरचंदाची चार झाडे माझी एकुलती एक मुलगी डेलिया, राहणार ॲरिझोना, हिला विनाअट. विकायचे असेल तर तिने खुशाल विकावे. उन्हाळ्यात ती फोनवर म्हणाली, "आई, इकडेच ये राहायला. इथे ऑक्टोबरातही ऊन असतं." मी म्हटले, उन्हात भुते बघायला कोण येणार? त्यावर ती जे बोलली, ते कलम सहामध्ये येईल.

२. बँकेत जे उरेल ते आणि तेवीस पुस्तकांचे हक्क, हेही डेलियालाच. "असलं कशाला लिहितेस?" असे मला बेचाळीस वर्षे विचारले गेले आहे. त्याचे उत्तर या दस्तात कुणी शोधू नये. पुस्तकांबद्दल मी कुणाची माफी मागत नाही आणि मेल्यावरही मागणार नाही.

३. लोणच्याची मोठी काचेची बरणी गावच्या वाचनालयाला. नव्याने आलेल्यांसाठी सांगते. अडतीस वर्षे ही बरणी दर ऑक्टोबरात वाचनालयाच्या टेबलावर असते. ज्याला ज्याची भीती वाटते ते त्याने चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, बरणीत टाकायचे. मी रोज सकाळी एक चिठ्ठी काढायची आणि दुपारी बाराच्या आत त्यावरची गोष्ट माझ्या ओसरीच्या खांबावर टाचायची. लोक सफरचंदाचा गरम रस घेऊन येतात, उभ्या उभ्या वाचतात आणि घरी जाऊन दिवे चालू ठेवून झोपतात. नियम एकच: निघालेली चिठ्ठी नाकारायची नाही. माझ्यामागे जो कुणी बरणीत हात घालील त्याने हा नियम पाळावा. मी तो एकदा मोडला आहे.

४. हॅलोविनच्या सजावटीत ओसरीवर ठेवायची लाकडी शवपेटी मर्टल हॅस्किन्सला. ही बाई दर वर्षी गावसभेत अर्ज देते की वर्नाच्या ओसरीमुळे मुले बिघडतात आणि सैतानाला आमंत्रण जाते. अर्ज जांभळ्या शाईत असतो. बरणीतही गेली चौतीस वर्षे जांभळ्या शाईची एक चिठ्ठी असते. गावाला सगळ्यात जास्त घाबरवून गेलेल्या माझ्या गोष्टी त्या चिठ्ठ्यांवरूनच लिहिलेल्या आहेत, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. चौतीस चिठ्ठ्या रिबिनीत बांधून ठेवल्या आहेत, त्या तिला पेटीत घालून द्याव्यात. वकील हे सगळे मोठ्याने वाचतील याचा मला फार आनंद आहे. मर्टल, तू माझ्यापेक्षा बरी लेखिका झाली असतीस. पेटी पाइनची आहे, बटाटे चांगले टिकतात.

५. टाइपरायटर शेजारी हॉलिस ट्रेडवे, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला, याला. नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द लिहायचे, हा पण आम्ही दोघांनी जगभर त्याची टूम निघायच्या कितीतरी आधी केला. मी तो दर वर्षी पुरा केला. हॉलिस सदतीस वर्षे एकच कादंबरी लिहितो आहे. बारा हजार शब्द झाले की हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि त्याचा नायक विहिरीत लटकलेला राहतो. अट अशी की त्या माणसाला बाहेर काढावे. हॉलिस या कागदावर साक्षीदार व्हायला तयार होता. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मग सही राहू दे. काय मिळणार ते सांग."

६. आता मोडलेला नियम. १९८९ सालच्या एकतीस ऑक्टोबरला बरणीतून हिरव्या खडूने लिहिलेली चिठ्ठी निघाली: "आई दाराच्या आत जाते आणि नोव्हेंबर संपेपर्यंत बाहेर येत नाही." गावात अशी आई एकच होती. डेलिया नऊ वर्षांची होती. जेवणखाण, शाळा तिचे वडील बघत, आणि तेवढे पुरे आहे असे मी समजत होते. मी ती चिठ्ठी खिशात घातली, दुसरी काढली आणि एका बुजगावण्याची गोष्ट लिहिली. लोकांनी वाहवा केली. डेलियाने खांबापाशी उभे राहून ती शेवटपर्यंत वाचली आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी मी दार लावून घेतले.

या उन्हाळ्यात फोनवर ती म्हणाली, "सगळ्या गावाची भीती तुला लिहिता आली, आई. माझी तेवढी नाही आली."

मला वाटत होते, ती विसरली असेल.

म्हणून आज मी बरणीत हात घातला नाही. कपाटातून हिरवी चिठ्ठी काढली आणि पहाटेपासून बसून तिची गोष्ट लिहिली. त्यात एक मुलगी जिन्यावर थंड झालेल्या पावाची बशी घेऊन बसते आणि आतली टाइपरायटरची टकटक ऐकते. दाराला कडी नसतेच. आतल्या बाईला उठायचे सुचत नाही, एवढीच गोष्ट आहे. एक प्रत हॉलिस खांबावर टाचतो आहे, दुसरी ॲरिझोनाच्या टपालात पडली आहे. एका गोष्टीने पस्तीस वर्षे भरून निघत नाहीत हे मला कळते. डेलिया, मी चुकले. त्याचे मला फार वाईट वाटते.

७. माडीच्या खोलीचे दार डेलियाला. ते आज सकाळी मी बिजागऱ्यांवरून काढले. नाकात प्राणवायूची नळी होती, त्यामुळे दोन तास लागले. हॉलिस जिन्यावर बसून होता, त्याला हात लावू दिला नाही. "वर्ना, खालची बिजागरी आधी काढ, नाहीतर अंगावर येईल," एवढे त्याचे योगदान. खाली मात्र त्यानेच नेले. आता ते ओसरीवर सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवे टाकले आहे. संध्याकाळी सोंगे घेऊन मुले येतील, त्यांच्या गोळ्या-चॉकलेटांसाठी टेबल झाले. पुढे डेलियाने त्याचे हवे ते करावे. जाळले तरी चालेल.

उद्या एक नोव्हेंबर. मी पन्नास हजार शब्द लिहायला बसणार आहे. डॉक्टरांना काय म्हणायचे ते त्यांनी डिसेंबरात येऊन म्हणावे. खोलीला आता दार नाही. डेलिया, तू जिन्यावर आलीस तर वाक्य अर्धे टाकून मी उठेन.

वरील सगळे मी पूर्ण शुद्धीत लिहिले, वाचले आणि एकही शब्द खोडला नाही.

सही: वर्ना एलिझाबेथ पेल्की

आमच्या डोळ्यांदेखत तिने सही केली. आम्हाला या दस्तातून काही मिळणार नाही.

साक्षीदार: १. बर्निस लकॉम्ब, ग्रंथपाल
२. एमेट सूल, पोस्टमन

ठिकाण: कॉर्बेट मिल्स, व्हरमाँट
दिनांक: ३१ ऑक्टोबर २०२४, दुपारी बाराला पाच कमी