निरोप न पोचलेल्या माश्या

१ जानेवारी १९९६, सकाळी
यंदा पेपर. ठरलं. लखनौला येऊन अकरा वर्षं झाली, डिसेंबरच्या आत मोठ्या जर्नलमध्ये नाव आलं पाहिजे. विषय पक्का आहे: फळमाशीच्या अंड्यात पाठ कुठली आणि पोट कुठलं, हे ठरतं कसं. बाहेरून निरोप आला की डॉर्सल नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि ठरावीक जीन चालू करतं. जिथे शिरलं तिथे पोट. ज्या माशीचा टोल नावाचा जीन बिघडलेला असतो, तिच्या अंड्यांत निरोप पोचतच नाही. मग अळी म्हणजे नुसतीच पाठ.
विनयाला चहा पिताना समजावलं. म्हणाली, तुमचं उलट आहे, नुसतंच पोट. बायकोशी विज्ञान बोलायचं नाही, हाही संकल्प.

१२ मार्च
चौदा बाटल्यांत माश्या बुरशीने मेल्या. सगळ्या टोलच्या. प्रतिमाला सांगितलं, बाटल्या नीट उकळा. प्रतिमा माझी रिसर्च स्टुडंट. वडील एअरफोर्समध्ये, मूळचे साताऱ्याचे. हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. म्हणाली, सर, बगलवाली बोतलों में तो कुछ नहीं है, खाना भी वही है. या पिढीला कारणं फार लवकर सुचतात.

१८ जून, दुपारी
लॅबमध्ये आंबे आणायचे नाहीत, हा माझाच नियम. मलिहाबादची पेटी आली म्हणून एकच दसहरी आणला होता. बाहेरच्या माश्या आत शिरल्या. प्रतिमाला जाळीचं कापड आणायला अमीनाबादला पाठवलं. दारं उघडी ठेवतात आणि मग पळापळ.

४ जुलै
पुन्हा बुरशी. मेलेली माशी कापूस गुंडाळल्यासारखी दिसते. प्रतिमा रजिस्टर घेऊन आली. तिने मोजलंय: टोलच्या शंभरातल्या एक्क्याऐंशी मेल्या, त्याच ट्रेमधल्या साध्या शंभरात सात. तिचं म्हणणं, जो निरोप अंड्यात पोट ठरवतो, तोच मोठ्या माशीला बुरशीशी लढायला लावत असेल. एक ही स्विच है सर, काम दो. मला हसू आलं. महिनाभर हाच प्रयोग करू द्या म्हणाली. नाही म्हटलं. आपली लॅब गर्भवाढीची, रोगराईची नाही.
रजिस्टर टेबलावरच ठेवून गेली. मागच्या कोऱ्या पानांवर बाटल्या धुण्याच्या पाळ्या लिहिल्या. कागद वाया जायला नको.

३० ऑगस्ट
प्रतिमाची फेलोशिप उद्या संपते. वाढवून घ्यायच्या फॉर्मवर माझी सही हवी. दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा मीटिंग होती. दुसऱ्यांदा पेन चालत नव्हतं. जरा ताटकळलं की शिस्त लागते. उद्या करू.

२ सप्टेंबर
शनिवारी राहूनच गेलं. मुदत हलवता येत नाही, असं ऑफिसचं म्हणणं. नियमाला माझा इलाज नाही. वडिलांची बदली जोधपूरला झालीच आहे, तिलाही घरच्यांबरोबर जाता येईल. बरंच झालं म्हणायचं.
संध्याकाळी निरोप घ्यायला क्वार्टरवर आली. वाकून नमस्कार केला. विनया म्हणते, जिना उतरताना मुलगी रडत होती. बुरशी धरू नये म्हणून माश्यांच्या खाण्यात अ‍ॅसिड घालतो, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. त्यानेच असेल.

११ नोव्हेंबर
दिवाळीला प्रतिमाचं पत्र आलं, विनयाला. तिथल्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते म्हणे. माझ्याबद्दल काय लिहिलंय ते विचारलं नाही. पेपर जवळजवळ तयार. मथळा झालाय.

२४ जानेवारी १९९७, दुपारी
लायब्ररीत जर्नलचा सप्टेंबरचा अंक आत्ता आला. फ्रान्समधल्या लॅबचा पेपर. आत माशीचा फोटो, अंगभर बुरशी. पाहताक्षणी ओळखली. टोल बिघडला की माशीला बुरशीशी लढताच येत नाही. अंड्यात पोट ठरवणारा जो रस्ता, तोच मोठेपणी जन्मजात प्रतिकाराचे जीन जागे करतो.
पण हे आपल्याकडे आधी दिसलं होतं. माझ्या डायरीत असणारच.

संध्याकाळी
डायरी चाळली. बारा मार्च: बाटल्या नीट उकळा. चार जुलै: मला हसू आलं. पुढे माझ्या नावावर काही नाही.
रजिस्टर काढलं. पाळ्यांची पानं उलटून पुढे गेलो. आकडे ओळीने मांडलेत, खाडाखोड नाही. शेवटच्या पाळीच्या खाली, तिच्याच अक्षरात, जोधपूरचा पत्ता. कधी लिहिला कोण जाणे.
पत्र लिहायला बसलो. चि. प्रतिमा, एवढं झालं. आठवीच्या वर्गात ती काय शिकवत असेल, हेच डोक्यात येत राहिलं. फार वाईट वाटतंय.
ड्रॉवरमध्ये तिचा फेलोशिपचा फॉर्म सापडला. सही केली. पेन पहिल्या फटक्यात चाललं.